पोलादाचे पाणी किती खोल?

मराठी भाषेने 'पाणी' या शब्दाला जितक्या कामांना जुंपले आहे, तितके एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेलाही कोणी जुंपले नसेल. मोत्याला पाणी असते, डोळे पाणीदार असतात, घोडाही पाणीदार असतो. प्रतिस्पर्ध्याला आपण पाणी पाजतो, आणि शहाणे असलो तर त्याआधी त्याचे पाणी जोखतो. तलवारीचे पाणी मात्र विहिरीतून आलेले नाही. ते लोहाराच्या कुंडीतून आलेले आहे. भात्याच्या फुंकरीने पाते लालभडक करावयाचे, ऐरणीवर घडवावयाचे, आणि मग सांडशीत धरून कुंडीतल्या पाण्यात बुडवावयाचे. 'चर्र' असा आवाज होतो, वाफेचा लोट उठतो, आणि क्षणापूर्वी घणाखाली मेणासारखे वाकणारे ते पाते दगडासारखे कठीण होते. यालाच पाणी देणे म्हणतात.

हे पाणी किती खोल गेले, हा प्रश्न मात्र भाषेने कधी विचारला नाही. विचारण्याची गरजही नव्हती. कोयत्याचे पाते ते केवढे जाड! बुडवताक्षणी ते आरपार थंड होते. पण मोटारीचा आस घ्या, साखर कारखान्यातील यंत्राचा दांडा घ्या. मनगटाएवढा किंवा मांडीएवढा जाड दांडा पाण्यात बुडवला तर त्याची कातडी पटकन थंड होते. गाभा सावकाश, आपल्या सवडीने थंड होतो. कातडी कठीण, गाभा मऊ, असा तो दांडा बाहेर येतो, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. वरची कठीणता मोजणारे यंत्रसुद्धा 'उत्तम' असाच शेरा देते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. इंग्रजीत त्यांना दोन वेगळी नावे आहेत. एक 'हार्डनेस', म्हणजे पोलाद किती कठीण झाले. दुसरी 'हार्डनेबिलिटी', म्हणजे ते कठीणपण किती खोलवर जाऊ शकते. पहिली मुख्यतः पोलादातल्या कार्बनवर ठरते. दुसरी ठरते मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल या मंडळींवर, जी पोलादात टक्का-दीड टक्का, कधी पाव टक्काच असतात. अशा पोलादांना अल्पमिश्र पोलाद म्हणतात. हार्डनेबिलिटीला पारिभाषिक कोशात जडजंबाल प्रतिशब्द सापडतील. मी भाषेचा मास्तर असूनही ते टाळणार आहे आणि तिला पाणी धरण्याची कुवत म्हणणार आहे. ही कुवत पोलाद भट्टीत घालण्यापूर्वीच, कागदावर किंवा संगणकावर, सांगता येते काय, हा या लेखाचा विषय.

आधी कठीणपणा येतो कुठून ते पाहू. पोलाद साडेआठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की लोखंडाचे अणू अशा रचनेत उभे राहतात की त्यांच्यामधल्या फटींत कार्बनच्या अणूंना मजेत बसता येते. ही अवस्था म्हणजे ऑस्टेनाइट. थंड होताना लोखंडाला आपली रचना बदलावयाची असते, आणि नव्या रचनेत कार्बनला जागा नसते. एस. टी. गाडीतल्या प्रवाशांप्रमाणे त्याला उतरावे लागते. सावकाश थंड होऊ दिले तर कार्बन व्यवस्थित उतरतो, लोखंडाबरोबर संयुग करून पातळ पापुद्र्यांत जाऊन बसतो. हे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकतात म्हणून त्या रचनेला पर्लाइट हे देखणे नाव मिळाले. ती तुलनेने मऊ असते. पण एकदम थंड केले तर प्रवासी उतरण्याच्या आत गाडी सुटते! कार्बन आत अडकतो, लोखंडाची रचना ताणली जाते, आणि जे जन्माला येते ते मार्टेन्साइट: अत्यंत कठीण आणि तितकेच ठिसूळ. जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांचे हे नाव. या दोहोंच्या मधली एक अवस्था आहे, बेनाइट; ते नाव अमेरिकन धातुशास्त्रज्ञ एडगर बेन यांच्यावरून पडले.

आता क्रोमियम-मॉलिब्डेनमचे काम लक्षात येईल. ही मंडळी म्हणजे दारात ट्रंका घेऊन उभे राहिलेले धिप्पाड प्रवासी. त्यांच्यामुळे कार्बनला उतरावयास वेळ लागतो. म्हणून गाडी अंमळ सावकाश सुटली तरी कार्बन आतच सापडतो, आणि दांड्याच्या सावकाश निवणाऱ्या गाभ्यातही मार्टेन्साइट बनते. स्वतः कठीणपणा न वाढवता कठीणपणाला खोलवर पोचवणारे हे घटक आहेत. संसारातही अशी माणसे असतात, परंतु तो विषय वेगळा.

ही कुवत मोजण्याची युक्ती १९३८ साली अमेरिकेत वॉल्टर जोमिनी आणि ए. एल. बोगहोल्ड या दोघांनी काढली, आणि ती इतकी साधी आहे की पाहणाऱ्याला आपल्यालाच ती का सुचली नाही असे वाटावे. एक इंच जाडीची, चार इंच लांबीची पोलादी कांडी तापवावयाची आणि उभी टांगून तिच्या फक्त खालच्या टोकावर पाण्याचे कारंजे सोडावयाचे. खालचे टोक सेकंदाला सुमारे २७० अंश या वेगाने निवते, तर दोन इंच वरचा भाग सेकंदाला जेमतेम दोन अंशांनी. म्हणजे एकाच कांडीत अतिशीघ्र ते अतिमंद अशा निवण्याच्या सगळ्या गती एका ओळीत उभ्या! मग कांडीच्या बाजूने बारीकशी पट्टी घासून काढावयाची, टोकापासून इंचाच्या सोळाव्या-सोळाव्या भागावर कठीणता मोजावयाची, आणि आलेख काढावयाचा. साध्या कार्बन पोलादाचा आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली येतो. चांगल्या मिश्र पोलादाचा पठारासारखा लांबवर जातो. जोमिनीची ही कांडी आजही जगभर पोलादाच्या प्रयोगशाळांत कारंज्यावर टांगली जाते.

त्यानंतर महायुद्ध आले. निकेल, क्रोमियम यांचा तुटवडा पडला आणि रणगाड्यांची, विमानांची मागणी तर वाढतच गेली. आपल्याकडच्या यंत्रशाळांत अजूनही कामगार 'एन-एट', 'एन-नाइन्टीन', 'एन-ट्वेंटीफोर' अशी पोलादांची नावे घेतात. त्यातला 'एन' हा ब्रिटनच्या त्या युद्धकाळातील 'इमर्जन्सी नंबर'चा अवशेष आहे. आणीबाणी संपून पिढ्या लोटल्या, नाव भोसरीत आणि कोल्हापुरात अजून चालू आहे. अमेरिकेनेही तेव्हा अशीच 'नॅशनल इमर्जन्सी' पोलादे काढली. त्यांची खुबी ही की एकच महाग धातू भरपूर घालण्याऐवजी निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम हे तिन्ही चिमूट-चिमूट घालावयाचे.

चिमूट-चिमूट घालून भागते कसे? याचे उत्तर मार्कस ग्रॉसमन यांनी १९४२ साली दिले. त्यांनी दाखवले की या घटकांचे परिणाम एकमेकांत मिळवावयाचे नसतात, गुणावयाचे असतात. प्रत्येक घटकाला एक गुणक. मँगनीजचा गुणक म्हणजे एक अधिक त्याच्या टक्क्यांची ३.३३ पट. क्रोमियमसाठी २.१६ पट, मॉलिब्डेनमसाठी ३ पट, सिलिकॉनसाठी ०.७ पट, निकेलसाठी अवघी ०.३६ पट. कार्बन आणि पोलादाच्या कणांचा बारीकपणा यांवरून एक मूळ आकडा घ्यावयाचा आणि त्याला हे सगळे गुणक लावावयाचे. येणारे उत्तर म्हणजे जाडी: आदर्श वेगाने निववले असता इतक्या जाडीच्या दांड्याच्या अगदी मध्यापर्यंत निम्मे तरी मार्टेन्साइट पोचेल.

दिवाळीच्या सुटीत मुलांकडून करून घेण्यासारखे हे गणित आहे. ०.४ टक्के कार्बन असलेले साधे पोलाद घ्या. मूळ आकडा ०.२१४ इंच. मँगनीज पाऊण टक्का, म्हणून गुणक ३.५. सिलिकॉन पाव टक्का, गुणक १.१७५. गुणाकार ०.८८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलीमीटर. आता तेवढाच कार्बन असलेले '४१४०' नावाचे प्रसिद्ध पोलाद घ्या: मँगनीज ०.८५, सिलिकॉन तेवढाच, क्रोमियम ०.९५ आणि मॉलिब्डेनम ०.२ टक्के. गुणक ३.८३, १.१७५, ३.०५ आणि १.६. गुणाकार ४.७ इंच, म्हणजे ११९ मिलीमीटर! सगळ्या मिश्रणाचा साधा कार्बन पोलादाहून फरक म्हणाल तर सव्वा टक्क्याच्या आसपास. पाण्याची खोली मात्र पाचपटीहून अधिक.

गुणाकाराचा हा चमत्कार जितका उपकारक तितकाच धोक्याचा आहे. '४१४०' या नावाखाली प्रत्येक घटकाला थोडी मोकळीक असते: मँगनीज ०.७५ ते १ टक्का, क्रोमियम ०.८ ते १.१, मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५, कार्बन ०.३८ ते ०.४३. मोकळीक किरकोळ दिसते. पण सगळे घटक खालच्या हद्दीला असले तर उत्तर येते सुमारे ८० मिलीमीटर, आणि सगळे वरच्या हद्दीला असले तर १७० च्या पुढे. दोन्ही पोलादे '४१४०'च. दोन्हींचे प्रमाणपत्र निर्दोष. आणि एकाचे पाणी दुसऱ्याच्या दुप्पट खोल. नावावर विसंबून मुलगी देऊ नये असे जुनी माणसे म्हणत, ते पोलादालाही लागू आहे.

हे सगळे मला ठाऊक होण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. विज्ञान शाखेत असताना तो माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसत असे. आज भोसरीला त्याची हीट ट्रीटमेंटची शेड आहे: दोन भट्ट्या, एक तेलाची टाकी, आठ माणसे. 'पाणी देणे' या वाक्प्रचारावर मी कुठेसे लिहिलेले वाचून त्याने मला शेड पाहावयास बोलावले. मी गेलो त्या दिवशी शेडच्या दाराशी ५० मिलीमीटर जाडीचे चाळीस दांडे पडले होते, आणि हा गृहस्थ ते भट्टीत घालण्याऐवजी टेबलाशी संगणक उघडून बसला होता.

"सर, हे बघा गिऱ्हाइकाने पाठवलेलं टीसी," पोलादाचे प्रमाणपत्र पुढे करीत तो म्हणाला. "सगळे आकडे खालच्या हद्दीला चिकटलेले. गुणाकार सव्वातीन इंचांच्या आसपास येतो. माझ्या तेलाच्या टाकीत एवढ्या जाडीला चार इंच तरी पाहिजे. गाभ्यात पाणी जाणार नाही."

"मग तेलाऐवजी पाण्यात बुडव की," मी म्हणालो.

"तडकतील, सर. मार्टेन्साइट बनताना पोलाद फुगतं. पाण्यात कातडी आधी कठीण होते आणि आतला भाग मागून फुगायला लागतो. निम्मे दांडे टिचक्या पडून बाहेर येतील."

नकाशात तर मध्यापर्यंत ठरावीक कठीणता हवी असे स्पष्ट लिहिलेले. त्याने गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडचे बोलणे मला ऐकू येत नव्हते, पण याच्या चेहऱ्यावरून कळत होते. '४१४०' म्हणजे '४१४०', आजवर कोणी तक्रार केली नाही, तुम्हालाच कशी अडचण येते, असा एकंदर सूर. वरवरची कठीणता तपासली असती तर दांडे सहज पास झाले असते. हे त्यालाही माहीत होते आणि गिऱ्हाइकालाही. त्या महिन्याचे भट्टीचे वीजबिल या कामातून निघावयाचे होते, हे त्याने मला नंतर सांगितले. शेवटी दोन दिवसांची मुदत मागून त्याने एका दांड्याचे टोक कापले आणि जोमिनीच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत धाडले.

ते दोन दिवस मी त्याच्या संगणकात डोके घातले. ग्रॉसमनचा गुणाकार पाटीवर होतो. मग संगणक कशाला? तर ग्रॉसमन एकच आकडा देतो. मध्यापासून पृष्ठभागापर्यंत प्रत्येक ठिकाणी काय बनले, किती मार्टेन्साइट, किती बेनाइट, किती पर्लाइट, हे तो सांगत नाही. ते काम कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे जे. एस. किर्काल्डी यांनी अंगावर घेतले. १९८४ साली त्यांनी व वेणुगोपालन यांनी मिळून प्रसिद्ध केलेली पद्धत अजूनही या विषयाचा पाया मानली जाते. १९९८ साली अमेरिकेत ली आणि सहकाऱ्यांनी तिची सूत्रे सुधारली आणि जोमिनीच्या आलेखांशी ताडून पाहिली.

पद्धत अशी. संगणक दांड्याची कांद्यासारखी वर्तुळे कल्पितो आणि प्रत्येक वर्तुळाचे तापमान क्षणाक्षणाला मोजत जातो: आतल्याकडून किती उष्णता आली, बाहेर किती गेली. त्याच वेळी पोलादाच्या घटकांवरून, कोणत्या तापमानाला पर्लाइट किंवा बेनाइट सुरू व्हावयास किती वेळ लागेल, हे सूत्राने काढतो. आता अडचण ही की ती सूत्रे स्थिर तापमानाची, आणि दांडा तर सारखा निवतो आहे. येथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते; जर्मनीच्या शाइल यांनी १९३५ साली ती मांडली. आमच्या घरात ती कोणीही न शिकता वापरते. पुरणाची डाळ मोठ्या आचेवर शिजावयास अर्धा तास आणि मंद आचेवर एक तास लागत असेल, तर मोठ्या आचेवर पंधरा मिनिटे गेली की डाळ निम्मी शिजली. उरलेली निम्मी मंद आचेवर आणखी अर्ध्या तासात. प्रत्येक आचेवर घालवलेल्या वेळाचा हिस्सा मांडत जावयाचे; हिस्स्यांची बेरीज एक झाली की डाळ शिजली. संगणक हेच करतो, फक्त सेकंदाच्या बारीक तुकड्यांत. बेरीज एक होण्याच्या आत तापमान पुरेसे खाली घसरले, ('४१४०'सारख्या पोलादात हा आकडा ३३० अंशांच्या सुमाराचा) की मार्टेन्साइटचा अंमल सुरू होतो. मार्टेन्साइटला वेळ लागत नाही. तापमान जितके उतरेल तितके ते वाढते. कॉइस्टिनेन आणि मारबर्गर यांनी १९५९ साली त्याचे सुटसुटीत सूत्र दिले आहे. शेवटी प्रत्येक वर्तुळात कोणता पदार्थ किती, यावरून तेथली कठीणता, आणि पडद्यावर जोमिनीचा आलेख, एकाही कांडीला पाणी न लावता!

हे पाहून माझ्यासारख्या भाविक माणसाचे हात जोडले जातात. माझ्या विद्यार्थ्याचे जोडले जात नाहीत. "सर, पोलादाचं गणित बरं जमतं," तो म्हणाला, "टाकीचं जमत नाही." त्याने मला घावनाच्या तव्याची आठवण करून दिली. तवा बेताचा तापला असेल तर पाण्याचा शिंतोडा चर्रकन जळतो. फार तापला असेल तर थेंब गोळी होऊन नाचत राहतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. लालभडक दांडा द्रवात बुडवला की तेच होते. आधी वाफेचे पांघरूण, तोवर उष्णता सावकाश जाते. मग पांघरूण फाटते आणि खळखळ उकळी फुटते, तेव्हा सर्वांत झपाट्याने. मग पुन्हा मंद. पांघरूण केव्हा फाटेल हे तेलाच्या वयावर, ढवळण्यावर, दांडे किती दाटीने टांगलेत यावर अवलंबून. संगणकाला त्यासाठी एक आकडा द्यावा लागतो, आणि तो आकडा ज्याने त्याने आपल्या टाकीत तापमापक बसवलेला तुकडा बुडवून मिळवावयाचा असतो. पुष्कळ जण पुस्तकातला उचलतात आणि मग संगणकाला शिव्या देतात. जोमिनीची थोरवी येथेच आहे: त्याने सर्वांसाठी एकच कारंजे ठरवून टाकले, म्हणून टाकीचे गुणदोष पोलादाच्या माथी येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला. पहिल्या काही मिलीमीटरांत गणिताचा आणि प्रत्यक्षाचा आलेख जवळजवळ एकावर एक. पुढे प्रत्यक्ष पोलाद गणितापेक्षा थोडे सरस निघाले, तरी हवे तितके नाहीच. त्याने गिऱ्हाइकाला तसे कळवले आणि दांडे उचलावयास सांगितले. ते उचलले गेले, आणि दुसऱ्या कोणा शेडमध्ये, जिथे असे प्रश्न विचारीत नाहीत, तिथे त्यांना तेल पाजले गेले असे त्याच्या कानावर आले. ते दांडे आता कोणत्या यंत्रात फिरत आहेत हे आम्हां दोघांनाही माहीत नाही. पिळवटणाऱ्या दांड्यात सगळ्यांत जास्त ताण पृष्ठभागावर असतो आणि मध्यावर जवळजवळ शून्य, तेव्हा कदाचित ते सुखाने फिरतही असतील. पण मग नकाशात मध्याची अट घालणाऱ्याने ती का घातली, हे त्याला एकदा विचारावयास हवे होते. मला विचाराल तर माझ्या विद्यार्थ्याने काम सोडले ते योग्यच केले; वीजबिलाचे त्याने कसे भागवले ते मी विचारले नाही.

पोलाद गणितापेक्षा सरस का निघाले, या कोड्याने मात्र तो बेचैन होता. त्याने उरलेल्या तुकड्याचे पृथक्करण पुन्हा करून घेतले. प्रमाणपत्रात नाव नसलेले दोन पाहुणे आत सापडले: ०.१५ टक्के निकेल आणि ०.२ टक्के तांबे. दोघांचे गुणक किरकोळ, पण गुणाकाराने पाण्याची खोली तेरा टक्क्यांनी वाढवणारे. ते कोणी मुद्दाम घातले नव्हते. पोलाद विजेच्या भट्टीत भंगार वितळवून केलेले होते, आणि भंगारात मोटारींचे सांगाडे, तारांचे तुकडे, जुन्या यंत्रांचे भाग असे सगळे येते. तांबे एकदा पोलादात शिरले की नेहमीच्या भट्टीत ते बाहेर काढता येत नाही. भंगारापासून पोलाद करणे ऊर्जेच्या आणि हवेच्या दृष्टीने फायद्याचे असल्यामुळे या पाहुण्यांची वर्दळ वाढतीच राहील. तेव्हापासून त्याच्या शेडमध्ये आलेल्या टीसीवर निकेल-तांब्याचे रकाने कोरे असले तर तो आधी ते भरून मागवतो, आणि मगच संगणक उघडतो.